साडेआठ गुणांचा हिशेब

कोलंबस, ओहायो
10 ऑगस्ट 2025

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

ताईची राखी वेळेत पोहोचली. काल सकाळी बांधली, आणि संध्याकाळी आईने सांगितल्याप्रमाणे नारळीभात केला. आजीचा गुडघा कसा आहे ते पुढच्या फोनला नक्की सांगा.

गेल्या रविवारी तुम्ही मला एक प्रश्न विचारलात आणि मी घाईत त्याचं चुकीचं उत्तर दिलं. तुम्ही म्हणालात, "एखाद्याला खेळ आतूनबाहेरून कळत असेल, लहानपणापासून तो एकाच संघामागे असेल, तर पैजेत तो शेवटी वरचढ ठरणार की नाही?" मी म्हणालो, ठरणार. अण्णा शेजारीच बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: दोन लाख पाठवतो, तू तिथे लाव, नफा अर्धा अर्धा. तेव्हापासून जीवाला स्वस्थता नाही. फोनवर हे सगळं सांगणं जमायचं नाही, आणि आकडे आले की तुम्हाला ते कागदावर लागतात, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक गोष्ट कबूल करतो. गेल्या हंगामात मी स्वतः इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांवर पैसे लावले होते. पाच वेळा. अण्णाला जानेवारीत सांगितलं होतं, तुम्हाला आणि आईला नाही सांगितलं. आपल्या घरात मटक्याचं नाव काढलं की आजीचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक आहे, म्हणून लपवलं. ते लपवणं चूक होतं.

इथलं वातावरण थोडं सांगतो, म्हणजे मी त्यात कसा ओढला गेलो ते कळेल. कोलंबस हे ओहायो स्टेट विद्यापीठाचं गाव. शरद ऋतूतल्या शनिवारी सकाळपासून लेन अव्हेन्यू लाल कपड्यांनी भरून जातो. ऑलेंटँजी नदीच्या काठी 1922 सालचं स्टेडियम आहे, घोड्याच्या नालेच्या आकाराचं, त्यात एक लाखावर माणसं बसतात. खेळणारी पोरं विद्यार्थी, वय अठरा ते बावीस-तेवीस. रस्त्यात अनोळखी माणूस "ओ-एच" असं ओरडतो आणि तुम्ही "आय-ओ" म्हणून उत्तर द्यायचं असतं. मिशिगन विद्यापीठाशी सामना असतो त्या आठवड्यात इथे कॅम्पसवरच्या पाट्यांमधल्या एम अक्षरावर लाल फुल्या मारतात. मी इथे आलो तेव्हा एकटा होतो, आणि या गावाने मला आपलं म्हटलं ते या खेळामुळे. शेजारच्या आजोबांनी पहिल्याच शनिवारी हाक मारून घरात बोलावलं, समोर जेवण ठेवलं आणि टीव्हीपुढे बसवलं. 1968 साली ओहायो स्टेटने मिशिगनला 50-14 असं हरवलं, तेव्हा ते विद्यापीठात पहिल्या वर्षाला होते. तेव्हापासूनचा प्रत्येक हंगाम त्यांना तोंडपाठ आहे. मला जे काही कळतं ते त्यांनी शिकवलेलं.

आता पैजेची रीत. कोण जिंकणार यावर पैज लावण्यात काही मजा नसते, कारण बलाढ्य संघ दुबळ्याला हरवणार हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून बुकी आधी अंतर ठरवतो. लहान मुलाला दहा पावलं पुढे उभं करून मग शर्यत लावतात ना, तसं. ओहायो स्टेट उणे वीस असा भाव असेल, तर ओहायो स्टेटवर पैसे लावणाऱ्याला तो संघ वीसपेक्षा जास्त गुणांनी जिंकायला हवा. नुसतं जिंकून भागत नाही. याला स्प्रेड म्हणतात, बोलताना सगळे लाइन म्हणतात. अंतर पार केलं की संघाने कव्हर केलं. बरोबर वीसचा फरक राहिला तर पैसे परत, म्हणून बहुतेक वेळा अर्धा गुण चिकटवून देतात, साडेसात, साडेआठ असा. चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेला की टचडाउन, त्याचे सहा आणि त्यावरचा एक मिळून सात; चेंडू लाथेने दोन खांबांमधून मारला की फील्ड गोल, त्याचे तीन; त्यामुळे सामन्यातला फरक पुष्कळदा तीन किंवा सातवर येऊन थांबतो. साडेसात आणि साडेसहा यांच्यातला एक गुण म्हणूनच फार मोठा असतो. आणि तुम्हाला ऐकून नवल वाटेल, ही पद्धत काढण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते शिकागोचे चार्ल्स मॅक्नील हे गणिताचे शिक्षक होते. 1940 च्या दशकातली गोष्ट.

बुकीचं पोट भरतं ते कसं, हे नीट बघा. 100 डॉलर जिंकायचे असतील तर 110 डॉलर लावावे लागतात. शंभर पैजांचा हिशेब मांडला तर असा येतो: नाणं उडवून खेळलात, 50 जिंकलात, 50 हरलात, तर 5,000 आले आणि 5,500 गेले. 52 जिंकलात तरी 5,200 आले, 48 गुणिले 110 म्हणजे 5,280 गेले. अजून 80 डॉलर खड्ड्यात. 53 जिंकलात की पहिल्यांदा हातात काही उरतं, 130 डॉलर. 110 भागिले 210 करा, 52.38 टक्के येतील. तेवढं बरोबर आल्यावर माणूस फक्त शून्यावर येतो.

म्हणजे तुमचा प्रश्न खरं तर असा होतो: निष्ठावंत चाहता शंभरात 53 वेळा बरोबर येईल का? ऐकायला किती सोपं वाटतं! मलाही वाटलं होतं.

30 नोव्हेंबर 2024. मिशिगन आमच्या मैदानावर आलं. आम्ही देशात दुसरे, दहा विजय आणि एक हार. त्यांचे सहा विजय, पाच पराभव. लाइन वीसच्या आसपास फिरत होती, मी घेतली तेव्हा साडेएकोणीस होती. आजोबांना लाइन माहीत नव्हती, ती ते बघतच नाहीत, पण मी त्यांचा अंदाज विचारला तर म्हणाले चोवीस गुणांनी. मला वाटलं, यांच्याइतकं या संघाबद्दल जगात कोण जाणतं? 110 डॉलर लावले, आपले नऊ हजारांहून जास्त रुपये.

सामना 13-10 असा मिशिगनने जिंकला. शेवटचं मिनिटही उरलं नव्हतं तेव्हा त्यांनी फील्ड गोल मारून निकाल लावला. आमच्या किकरने त्या दिवशी दोन सोप्या किक हुकवल्या. एक चौतीस यार्डांची, एक अडतीसची. घरी येताना मी त्या पोराला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की आजही आठवलं तर वाईट वाटतं. आणि बाबा, रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या दोन्ही किक गेल्या असत्या तरी सहाच गुण वाढले असते. माझ्या पैजेला वीस हवे होते. त्याचा आणि माझ्या 110 डॉलरचा काही संबंधच नव्हता. विद्यापीठात शिकणारं पोरगं, लाखभर लोकांसमोर चुकलं, आणि मी माझ्या पैशांचा राग त्याच्यावर काढत होतो. इथे असा राग लोक नुसता मनात ठेवत नाहीत, खेळाडूंना थेट धमक्या पाठवतात. ते इतकं वाढलं की ओहायोत मार्च 2024 पासून एकेका विद्यार्थी खेळाडूच्या कामगिरीवर पैज लावायलाच बंदी आहे. पैज कायदेशीर होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मे 2018 मध्ये जुनी बंदी उठवली आणि ओहायोने 1 जानेवारी 2023 पासून दार उघडलं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण नंतर बाद फेरी आली. टेनेसीशी घरच्या मैदानावर 42-17. नववर्षाच्या दिवशी कॅलिफोर्नियात, तोवर एकही सामना न हरलेल्या ओरेगनशी 41-21. मग टेक्सासशी 28-14. तिन्ही वेळा मी ओहायो स्टेटवर लावले, तिन्ही वेळा लाइन पार झाली. टेक्सासच्या सामन्यात शेवटची दोन-अडीच मिनिटं राहिली होती, आम्ही 21-14 पुढे, आणि टेक्सास आमच्या गोलरेषेच्या अगदी तोंडाशी. तिथे टचडाउन झाला असता तर बरोबरी होती. त्याऐवजी आमच्या जॅक सॉयरने त्यांच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, हातून चेंडू उडवला, तोच उचलला आणि 83 यार्ड धावत नेला. अख्खी गल्ली रस्त्यावर आली. माझी पैजही त्याच धावेत जिंकली, आणि मी स्वतःला सांगितलं की मला हे आधीच कळलं होतं. त्या धावेबद्दल आधी काय कळणार होतं मला?

अंतिम सामना 20 जानेवारीला अटलांटात, नोत्र दामशी. लाइन उणे साडेआठ. कडाक्याची थंडी, आजोबांच्या घरी आम्ही आठ-दहा जण. तिसऱ्या डावात आम्ही 31-7 पुढे होतो आणि मी मनात पैसे मोजून ठेवले होते. मग नोत्र दाम उठलं. 31-15. त्यांची एक जवळची किक खांबाला लागून परतली. मग आणखी एक टचडाउन, वर दोन गुण, 31-23. चार मिनिटं बाकी. आठ गुणांची आघाडी, आणि माझी लाइन साडेआठ.

खोलीतल्या प्रत्येकाला एकच हवं होतं, हा सामना संपू दे. 2014 च्या हंगामानंतर पहिल्यांदा अजिंक्यपद येत होतं. मला मात्र सामना असाच संपायला नको होता, कारण तसा संपला तर मी हरत होतो. आमचा तिसरा प्रयत्न, चेंडू आपल्याकडे ठेवायला अकरा यार्ड हवेत, आणि विल हॉवर्डने लांब फेकलेला चेंडू जेरेमाया स्मिथने धरला, पन्नासहून जास्त यार्ड. एकोणीस वर्षांचं पोर! आजोबा खुर्चीतून उठले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मी त्यांच्या खांद्यावरून टीव्हीकडे बघत होतो. अजून तीन हवेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सव्वीस सेकंद राहिले असताना किकर आला. तोच किकर, मिशिगनच्या दिवशीचा. तेहेतीस यार्ड. चेंडू मधून गेला. 34-23.

मी जिंकलो. पाचपैकी चार. चारशे आले, एकशे दहा गेले, निव्वळ 290 डॉलर, पंचवीस हजार रुपये. अण्णाला त्याच रात्री फोन केला, हा तोच फोन. पण आजोबांनी माझे हात धरले होते आणि मी त्यांच्याकडे बघितलं नाही, हे मला आजही टोचतं. असा क्षण त्यांच्या पंचाहत्तर वर्षांत किती वेळा आला असेल?

तुम्ही वर्गात म्हणायचात, निकाल बघून हुरळू नका, आधी नमुना किती मोठा ते विचारा. तो प्रश्न मी तब्बल सहा महिन्यांनी स्वतःला विचारला. पाच वेळा नाणं उडवलं तर किमान चार वेळा मनासारखं पडण्याची शक्यता किती? बत्तीस प्रकारांपैकी सहा, म्हणजे पावणेएकोणीस टक्के. आमच्या स्टेडियममधल्या एक लाख माणसांनी डोळे मिटून नाणी उडवली असती, तर 18,750 जण माझ्याइतकेच जाणकार ठरून घरी गेले असते. आणि प्रत्येकाने आपापल्या अण्णाला फोन केला असता.

पुढे जाऊन दहा वर्षांचं करून बघितलं. माणूस फक्त आपल्याच संघाच्या सामन्यांवर लावतो असं धरा. वर्षाला तेरा सामने, दहा वर्षांत 130. समजा तो खरोखर चांगला आहे आणि 72 वेळा बरोबर आला, पंचावन्न टक्क्यांच्या वर. दर वेळी 110 लावून दहा वर्षांत त्याला मिळाले 820 डॉलर. वर्षाला ब्याऐंशी. आणि नाणं उडवणाऱ्या माणसालाही 130 मध्ये 72 किंवा त्याहून जास्त वेळा यश येण्याची शक्यता सुमारे आठात एक. म्हणजे दहा वर्षं घालवूनही त्याला सांगता येत नाही की हे ज्ञान होतं की नशीब. तुम्ही हे ताडून बघा, प्रमाण विचलन मी 5.7 धरलं आहे.

पण नुसत्या नशिबावर सोडलं तर मी तुमच्या प्रश्नाला टाळतोय असं होईल. आजोबांना खरंच खूप कळतं. मग ते ज्ञान जातं कुठे?

ते लाइनमध्ये आधीच शिरलेलं असतं. गेल्या ऑक्टोबरात ओरेगनच्या सामन्यात आमचा लेफ्ट टॅकल गुडघा दुखावून हंगामाबाहेर गेला. क्वार्टरबॅकच्या पाठीची राखण करणारी ती जागा. आजोबांनी तेव्हाच मान हलवली. पण ती बातमी आजोबांना कळली तेव्हाच बुकीलाही कळली होती. रविवारी लाइन निघते, सुरुवातीला थोड्याच रकमा घेतात, आणि ज्यांचा हा धंदाच आहे अशी संगणक घेऊन बसलेली माणसं तिला दोन्ही बाजूंनी ढकलून बघतात. शनिवारपर्यंत दुखापती, वारा, पाऊस, प्रवास सगळं त्या एका आकड्यात मुरलेलं असतं. 2023 पासून तर आमच्या बिग टेन गटातल्या संघांना सामन्याच्या दोन तास आधी कोण खेळणार नाही हे जाहीर करावं लागतं, त्यामुळे गावातल्या कुजबुजीला उरलेली किंमतही गेली. तुम्हाला एखादी गोष्ट माहीत असून उपयोग नसतो, ती लाइनला माहीत नसावी लागते. एवढं सगळं मुरूनही त्यानंतरच्या नेब्रास्काच्या सामन्याला लाइन पंचवीसच्या घरात होती आणि आम्ही चार गुणांनी जेमतेम जिंकलो. मी तेव्हा पैसे लावलेले नव्हते, म्हणून आनंदात घरी आलो.

दुसरं कारण मला जास्त पटतं, कारण ते मी स्वतःत बघितलं. माया नजर वाकवते. 1951 च्या नोव्हेंबरात प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांचा फुटबॉल सामना झाला, फार राडा झाला, प्रिन्स्टनच्या सर्वोत्तम खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी नंतर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाचे सरासरी 4.3 नियमभंग दिसले. प्रिन्स्टनच्या मुलांना त्याच संघाचे 9.8 दिसले. फिल्म एकच, बाबा! 1954 साली हे छापून आलं. 2011 मध्ये आणखी एका संशोधनात व्यावसायिक लीगच्या चाहत्यांना हंगामभर दर आठवड्याला निकाल वर्तवायला लावले, बरोबर आल्यास पैसेही दिले. तरी आवडत्या संघाबद्दलचा फाजील विश्वास शेवटच्या आठवड्यापर्यंत तसाच राहिला. आजोबांचा चोवीसचा अंदाज आठवतो ना? त्यात त्यांची सत्तावन्न वर्षांची माया होती. मी ती माया आकडा समजून 110 डॉलरला विकत घेतली.

आणि बुकीला ही माया ठाऊक असते. स्टीव्हन लेविट नावाच्या शिकागोच्या अर्थशास्त्रज्ञाने 2004 मध्ये दाखवलं की बुकी दोन्ही बाजूंना सारखे पैसे यावेत म्हणून धडपडत नाहीत. लोकांचा कल बलाढ्य संघाकडे असतो हे ओळखून ते लाइन किंचित त्या बाजूला महाग ठेवतात. त्याची आकडेवारी व्यावसायिक फुटबॉलच्या 2001 च्या हंगामाची होती. पण ज्या गावात प्रत्येक दुसऱ्या घरावर विद्यापीठाचा झेंडा आहे तिथे हे वेगळं कसं असेल?

कुणीच जिंकत नाही असं मी म्हणणार नाही. देशात वरच्या श्रेणीत 136 संघ आहेत, त्यातल्या लहान विद्यापीठांकडे कमी लोकांचं लक्ष असतं, तिथली लाइन कच्ची राहू शकते. तिथे कुणी वर्षभर अभ्यास केला तर त्याला दोन टक्के सापडतीलही. पण अशा सामन्यांवर मोठी रक्कम घेत नाहीत, आणि सतत जिंकणाऱ्याची मर्यादा कंपन्या इतकी खाली आणतात की त्याला पाच-दहा डॉलरच लावता येतात. शिवाय तो माणूस चाहता राहत नाही. त्याला आपला संघ असून चालत नाही. इथला करही आहे: नव्या कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षापासून हरलेल्या रकमेच्या नव्वद टक्क्यांचीच वजावट मिळेल. म्हणजे बरोबरीत सुटलेल्यालाही कर बसू शकतो.

आता अण्णाबद्दल. त्याच्यावर रागावू नका. तो म्हणतो, मटका निव्वळ नशीब, हे तर डोक्याचं काम आहे. मला तर नेमकी त्याचीच भीती वाटते. मटक्याचा आकडा फुटला नाही तर काकांना निदान माहीत होतं की आपल्याला आकड्यातलं काही कळत नाही, तरी त्यांचं शेत गेलं. इथे माणसाला खेळातलं खरंच कळतं, आणि हरला की त्याला वाटतं पुढच्या वेळी अजून नीट बघू. थांबायचं कारणच सापडत नाही. पाच पैजांत मला हे दोन्ही बाजूंनी कळलं, हरलो तेव्हा आणि जिंकलो तेव्हा.

पैसे पाठवण्याचा तर प्रश्नच नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. परकीय चलनाच्या 2000 सालच्या नियमांत, कशासाठी भारतातून पैसे बाहेर पाठवता येत नाहीत त्या यादीत लॉटरीच्या तिकिटांच्या शेजारी फुटबॉल पूल असे शब्द लिहिलेले आहेत. तो बँकेत नोकरी करतो, त्याच्या नोकरीवर येईल. मी त्याला वेगळा फोन करणार आहेच. पण 130 सामन्यांचं गणित त्याला तुम्ही करून दाखवा, फळ्यासमोर बसवून, दहावीला दाखवलं होतंत तसं. माझ्यापेक्षा तुमचं तो ऐकेल.

माझं खातं मी मंगळवारी बंद केलं. 290 डॉलर ताईकडे पाठवतोय, आजीच्या गुडघ्याच्या व्यायामासाठी जी बाई घरी येते तिचे पैसे त्यातून द्या. हे पैसे कुठून आले ते आजीला सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. मला विचाराल तर सांगावं.

आजोबांना परवा सगळं सांगितलं, त्या रात्री मी टीव्हीकडे का बघत होतो तेही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत जाऊन यंदाच्या सामन्यांचं वेळापत्रक घेऊन आले. पहिलाच सामना टेक्सासशी आहे, 30 ऑगस्टला, आमच्या मैदानावर. त्यांच्याकडे दोन तिकिटं आहेत आणि त्यांच्या मुलाला यंदा यायला जमणार नाही.

27 ला गणपती बसतील तेव्हा व्हिडिओवर आरतीला मी असेनच, इकडे सकाळ असेल. पण 30 तारखेला रात्री साडेनऊनंतर मला फोन करू नका. तेव्हा इथे दुपारचे बारा वाजलेले असतील आणि मी आजोबांच्या शेजारी बसलेला असेन.

आईला आणि आजीला सा. न.

तुमचा,
धाकटा